योगी नावाचं पांघरूण

१

दुकान उघडलं की ऊर्मिला आधी दिवे लावायची नाही, आधी वास घ्यायची. जुन्या कापडाचं दुकान नाकानं राखायचं असतं, असं तिचं मत होतं. धुळीचा वास निराळा, कसर लागलेल्या रेशमाचा निराळा, आणि ओल आली असेल तर तो वास सगळ्यांच्या वर तरंगतो. वास नेहमीचा असला की ती पडदे उघडायची, भिंतीवरच्या हायग्रोमीटरचा, म्हणजे हवेतली ओल मोजायच्या यंत्राचा, काटा बघायची आणि मग एकेका वस्तूवरची पांढरी चादर काढून घडी घालायची.

जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहराच्या वेस्टस्टाट भागात एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर हे दुकान होतं. मालकीण फ्राऊ ब्रेंडल. बाईंनी तरुणपणी काही वर्षं जपानात काढली होती आणि परत येताना जे वेड बरोबर आणलं त्याचंच पुढं दुकान झालं. किमोनो, कमरेला बांधायचे ओबी, दारात टांगायचे निळे पडदे, घडीचे कागदी स्क्रीन, लोखंडी कड्यांच्या लाकडी पेट्या. लोक यायचे, किमोनो नेऊन दिवाणखान्याच्या भिंतीवर लावायचे, ओबी जेवणाच्या टेबलावर अंथरायचे. ऊर्मिला मुंबईत टेक्स्टाइल शिकलेली. नवऱ्याच्या, म्हणजे पद्माकरच्या, सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे इथं आली, भाषा शिकली आणि विरलेल्या कापडाला मागून आधार देऊन सावरायचं हे काम तिला मिळालं. दुकानात बहुतेक वेळ ती एकटीच असायची, आणि तिला ते आवडायचं.

२०१४च्या उन्हाळ्याअखेर फ्राऊ ब्रेंडलनी कुठल्याशा घराच्या आवराआवरीतून एक भलंमोठं गाठोडं आणलं. त्यातून योगी निघाला. योगी म्हणजे थंडीत झोपताना अंगावर घ्यायचं जपानी पांघरूण. आपल्या रजईसारखं कापूस भरलेलं, पण आकार किमोनोचा. गळा, दोन बाह्या, समोरून उघडा. माप मात्र एका माणसाचं नव्हे, दीड माणसाचं म्हणा. गळा हनुवटीशी ओढून घ्यायचा, वाटलं तर बाह्यांत हात घालायचे आणि झोपायचं. हा योगी गडद निळीचा होता. पाठीवर पंख पसरलेला पांढरा सारस, आणि गळ्याला काळ्या मखमलीची पट्टी.

टांगला असता तर कापूस खाली उतरला असता. म्हणून मागच्या खोलीतल्या बुटक्या चौथऱ्यावर तो आडवा पसरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊर्मिलानं वरची चादर काढली, सवयीनं कापडावरून हात फिरवला, आणि हात गळ्याशी थांबला. मखमल दमट होती. भिजलेली नव्हे. तोंडावर शाल ओढून झोपलं की सकाळी तिची कड जशी लागते, तशी.

२

तिनं पट्टी पंख्यासमोर वाळवली आणि विषय सोडून दिला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दमट होती. तिसऱ्या दिवशीही.

ऊर्मिलाला कारणं शोधायची सवय होती, कामच तसं होतं. मखमल साध्या सुती कापडापेक्षा जास्त ओल धरते, हे एक. चौथऱ्यामागची भिंत उत्तरेची, हे दुसरं. पण मग बाह्यांच्या कडांनाही तीच मखमल होती आणि त्या कोरड्या ठणठणीत होत्या. तिनं चौथरा आतल्या भिंतीकडे सरकवला. काही फरक पडला नाही. हायग्रोमीटर उचलून योगीच्या शेजारी ठेवला. काटा जागचा हलला नाही.

मग तिनं संध्याकाळी दुकान बंद करताना गळ्याखाली पातळ पांढरा टिश्यू पेपर सरकवून ठेवला. सकाळी काढून उजेडात धरला. कागद सगळीकडे सपाट होता, फक्त मधोमध एका जागी सुरकुतला होता. लहानशी, लांबट गोल जागा. ऊर्मिला कागदाकडे बघत राहिली. मग तिनं तो चुरगळून टोपलीत टाकला, आणि थोड्या वेळानं टोपलीतून काढून बाहेरच्या मोठ्या कचरापेटीत नेऊन टाकला.

फ्राऊ ब्रेंडलना तिनं एवढंच सांगितलं की मागच्या खोलीत ओल असावी. ओल म्हटल्यावर कुठलाही जर्मन माणूस स्वस्थ बसत नाही. बाईंनी लगेच माणूस बोलावला. त्यानं भिंतीला यंत्र लावून पाहिलं आणि मान डोलावली. “हो, अगदी बरोबर. भिंत ओली आहे.” फार नाही, पण आहे. महिनाभर सुकवायचं मशीन लावावं लागेल, तोवर खोली रिकामी करा.

ऊर्मिलाला इतकं हायसं वाटलं की ती त्या माणसाला उगाचच दोनदा थँक्यू म्हणाली.

पेट्या आणि स्क्रीन पुढच्या खोलीत मावले. योगी मावेना. घडी घालून ठेवला तर जुना कापूस मोडतो.

“माझ्याकडे एक खोली आहे,” ऊर्मिला म्हणाली. “सासूबाई यायच्या आहेत, पण तिथं सोफाबेड उघडला तर जागा होईल.”

“तुम्ही देवदूत आहात,” फ्राऊ ब्रेंडल म्हणाल्या.

३

सासूबाई, शोभनाताई, ऑक्टोबरच्या सुरुवातीला नाशिकहून आल्या. वर्षापूर्वी सासरे गेले. शरदचंद्र त्यांचं नाव, वीज मंडळातून निवृत्त झालेले शांत गृहस्थ. तेव्हापासून शोभनाताईंची झोप उडाली होती. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. “पलंगाची एक बाजू मोकळी असली की तिकडून वारा लागतो गं,” असं त्या म्हणायच्या, आणि हसायच्या, म्हणजे ऐकणाऱ्यानं फार मनावर घेऊ नये.

इथं आल्यावर वारा खराच लागला. इमारतीचं हीटिंग अजून सुरू झालेलं नव्हतं. ते ठरलेल्या तारखेलाच सुरू होतं, मग बाहेर बर्फ पडो. शोभनाताई स्वेटरवर स्वेटर चढवून स्वयंपाकघरात बसायच्या, चहाचा कप दोन्ही हातांत धरून. खोलीतल्या सोफाबेडवर चादरीखाली काय झाकून ठेवलंय ते त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

“योगी म्हणतात त्याला, आई. दुकानातला आहे.”

“योगी?” शोभनाताईंना गंमत वाटली. “नाव विरक्ताचं आणि काम पांघरुणाचं.” त्यांनी चादर उचलून पाहिलं, बाहीत हात घातला, आणि जरा वेळ तसाच ठेवला. “कुणी आत्ताच उठून गेल्यासारखं वाटतंय,” त्या म्हणाल्या.

“कापूस आहे ना. ऊब धरून ठेवतो.”

“हो, तेच.”

त्यानंतर दोन-चार दिवसांनी सकाळी ऊर्मिला चहाला बोलवायला गेली, तर शोभनाताईंचा पलंग रिकामा होता. त्या सोफाबेडवर होत्या. योगी हनुवटीपर्यंत ओढलेला, मखमलीवर गाल टेकलेला, तोंड किंचित उघडं. शंभरएक वर्षांचं कापड, दुसऱ्याची वस्तू. ती पुढं झाली आणि मग तिला सासूबाईंचा श्वास ऐकू आला. जड, संथ, तळापासून येणारा. वर्षभरात त्या अशा झोपल्या नव्हत्या.

ती पाय न वाजवता बाहेर आली. पद्माकर दाढी करत होता.

“आई झोपल्या आहेत.”

“झोपली?” त्याचा ब्रश थांबला. “म्हणजे खरंच?”

त्यानं स्वतः जाऊन दारातून बघितलं. परत आला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. ऊर्मिलानं कापडाचा विषय काढलाच नाही. शोभनाताईंच्या गळ्याशी एक धुतलेला पंचा घालून द्यायचा, म्हणजे मखमलीला काही व्हायचं नाही, एवढंच तिनं मनाशी ठरवलं.

४

पुढं हीटिंग सुरू झालं, पण शोभनाताई पलंगावर परत गेल्या नाहीत. सकाळचं उठणं लांबत चाललं. मग जेवणानंतर “जरा पडते” सुरू झालं. ऊर्मिला अर्धा दिवस दुकानात असायची. दुपारी घरी आली की खोलीचं दार लोटलेलं आणि आत तो संथ श्वास. एकदा ती पिशव्या हातात घेऊन दाराबाहेर नुसती ऐकत उभी राहिली. श्वास आत जायचा, बाहेर यायचा, आणि तो बाहेर यायच्या आधीच दुसरा आत गेल्यासारखा वाटायचा. ह्या जुन्या इमारतींत भिंती पोकळ असतात. आवाज फिरून येतो.

सासूबाई आंघोळीला गेल्या की ती योगी झटकून उन्हाच्या पट्ट्यात सरळ करायची. पंचा बहुतेक वेळा बाजूला सरकलेला असे. गळ्याची मखमल ओली असायचीच. आता त्याला कारण होतं, त्यामुळे तिनं काही दिवस लक्ष दिलं नाही. एका सकाळी लक्ष गेलं. मखमल दोन ठिकाणी ओली होती. एक जागा कडेला, शोभनाताईंची उशी होती तिथं. दुसरी मधोमध. दोन्हींच्या मधली वीतभर पट्टी कोरडी.

“कूस बदलली असेल,” पद्माकर म्हणाला. तो लॅपटॉपच्या पिशवीत डबा कोंबत होता. “तू काय शोधते आहेस नक्की?”

“कूस बदलली तर उशीही सरकेल ना. उशी अगदी कडेला असते. त्या एवढ्या मोठ्या सोफ्यावर कडेला झोपतात, बघितलंस का? पडतील अशानं.”

“चाळीस वर्षं बाबांच्या शेजारी झोपली ती. सवय आहे.”

हे पटण्यासारखं होतं. ऊर्मिलाला ते पटलंही.

त्याच आठवड्यात एका सकाळी ती हॉलमध्ये कपडे वाळत घालत होती, तेव्हा आतून शोभनाताईंचा आवाज आला. झोपेतला नव्हता. नातवंडाला जवळ घेताना माणूस बोलतं तसा हळू आणि मोकळा.

“ये, ये. पाय घे आत. किती गार पडलेत.”

ऊर्मिलाच्या हातातला ओला शर्ट तसाच राहिला. मग आत कापूस दबल्याचा आवाज झाला, वजन सरकल्यासारखा, आणि पुन्हा सगळं शांत झालं. तिनं दार ढकललं. शोभनाताई कडेला, भिंतीकडे पाठ करून, गाढ झोपलेल्या. त्यांच्या मागं योगी भिंतीपर्यंत पसरलेला होता. तो फुगीर दिसत होता. पण तो फुगीर असतोच, त्यात कापूस आहे.

५

शोभनाताई वाळत चालल्या होत्या. जेवायच्या नीट, झोपायच्या नीट, आणि तरी बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या. ऊर्मिलानं एकदा भाजी चिरताना त्यांच्या हातून सुरी घेतली, तेव्हा त्यांची बोटं तिच्या बोटांना लागली. नळाच्या पाण्यासारखी गार. तिनं त्यांचा हात धरून ठेवला, चोळला. हात गरम होईना.

पद्माकर त्यांना हाउसआर्त्सकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं. अंगाचं तापमान थोडं कमी आहे, वय आहे, वजन वाढवा, असं डॉक्टर म्हणाले. झोप कशी आहे विचारलं. शोभनाताई म्हणाल्या, “उत्तम.”

त्या दिवशी ऊर्मिला दुकानात गेली नाही. दुपारचा चहा करून तिनं कप सासूबाईंसमोर ठेवला आणि समोर बसली.

“आई, एक विचारू? तुम्ही आत कुणाशी बोलता?”

शोभनाताईंनी बशीत चहा ओतला. त्या दचकल्या नाहीत.

“ऐकलंस होय.”

“बाबा येतात का स्वप्नात?”

“छे. ते असते तर मला कळलं नसतं का? ते घोरायचे.” त्यांनी एक घोट घेतला. “ही बाई आहे कुणीतरी. लहान चणीची. बोलत नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, मीच माझ्या पायाला पाय लावते आहे. पण माझे पाय एवढे गार नव्हते गं तेव्हा.”

तेव्हा, हा शब्द ऊर्मिलाला ऐकू आला.

“भीती नाही वाटली?”

“वाटली ना. पहिल्यांदा उठून बसले मी. मग बघितलं तर ती कुडकुडत होती.” शोभनाताई खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर पानगळ झालेलं लिंडेनचं झाड होतं आणि त्याच्याखाली लावलेल्या सायकली. “थंडीनं गारठलेल्या माणसाला कुणी पांघरुणाबाहेर काढतं का? सरकले जरा. एवढं मोठं आहे ते. आणि खरं सांगू, मलाही झोप लागली. बाजू भरलेली असली की लागते.”

ऊर्मिलाच्या डोक्यात एकाच वेळी दोन गोष्टी होत्या. सत्तरीच्या बाईला वैधव्यात भास होतात, ही एक. आणि त्यांच्या हाताची बोटं, ही दुसरी.

“ती आता गरम झाली आहे,” शोभनाताई म्हणाल्या, जरा समाधानानं. “पाय सोडून. पाय काही होत नाहीत.”

“मी उद्या तो परत नेणार आहे, आई.”

शोभनाताईंनी कप खाली ठेवला.

“मी झोपेत असताना ने,” त्या शेवटी म्हणाल्या. “जागी असले तर मी नेऊ देणार नाही.”

६

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर शोभनाताई झोपल्यावर ती आत गेली. खिडकीतून राखी उजेड येत होता. शोभनाताईंचे दोन्ही हात बाहेर होते, एकावर एक, गालाखाली. तरीही योगीच्या बाह्या रिकाम्या पडलेल्या नव्हत्या. उजवी बाही शोभनाताईंच्या अंगावरून पुढं आलेली होती, कोपरात वाकलेली, झोपेत कुणी कुणाला धरतं तशी. बाहीच्या तोंडाशी अंधार होता. ऊर्मिलानं तिकडे वाकून पाहिलं नाही. ते पाहण्याची काहीच गरज नव्हती, असं तिनं स्वतःला सांगितलं. तिला फक्त एक पांघरूण उचलायचं होतं.

तिनं ते दोन्ही हातांनी खालून घेऊन उचललं. शोभनाताईंच्या तोंडून बारीक आवाज निघाला आणि त्यांनी पाय पोटाशी घेतले. ऊर्मिलानं पलंगावरची जर्मन पिसांची रजई पायानं ओढून, कशीबशी त्यांच्यावर टाकली.

योगी दुकानातून आणला होता तेव्हा पद्माकरनं तो एका खांद्यावर टाकून चार मजले चढवला होता. आता ऊर्मिलाला तो दोन्ही दंडांवर आडवा घ्यावा लागला. ओल, ती मनात म्हणाली. कापूस ओल धरतो, ओल जड असते. पहिल्या जिन्यावर एक बाही घसरून तिच्या मानेमागं गेली. तिनं मान हलवून ती पाडायचा प्रयत्न केला. बाही पडली नाही. दोन्ही हात अडकलेले होते, म्हणून ती तशीच उतरत राहिली, एकेका पायरीवर पाय चाचपत. गळ्याच्या बाजूला, कानाच्या खाली, तिला मखमल लागत होती. ओली आणि ऊबदार.

पहिल्या मजल्यावर फ्राऊ ओटिंगर भेटल्या. शेजारीण, निवृत्त शिक्षिका, कचरा कुणी चुकीच्या पेटीत टाकला तर चिठ्ठी लावणाऱ्या. त्या बाजारातून येत होत्या. ऊर्मिलाला बघून त्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या, वाट दिली, आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

“अरेरे,” त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. “झोपली आहे का ती?”

जर्मनमध्ये पांघरूण स्त्रीलिंगी असतं. ऊर्मिलाच्या डोक्यात पहिल्यांदा हेच आलं. पांघरुणालाही ‘ती’ म्हणतात.

“हो,” ती म्हणाली.

फ्राऊ ओटिंगर तिच्या आधी खाली उतरल्या आणि त्यांनी इमारतीचं जड दार उघडून धरलं. गार हवा आत आली. ऊर्मिला त्यांच्या समोरून गेली. तेव्हा फ्राऊ ओटिंगरनी खाली बघितलं, ऊर्मिलाच्या डाव्या हाताच्या पलीकडे, जिथं योगीची खालची कड लोंबत होती. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आवाजात पुन्हा शिक्षिका आली.

“अनवाणी? ह्या थंडीत? निदान मोजे तरी घालायचे होते तिला.”

ऊर्मिला चालत राहिली. तिनं खाली बघितलं नाही. गाडीपर्यंत पोचेस्तोवर तिनं समोरच्या झाडाच्या खोडावरून नजर काढली नाही.

७

मागच्या सीटवर जागा नव्हती, तिथं पद्माकरचं सायकलचं सामान होतं. म्हणून तिनं योगी पुढच्या सीटवर ठेवला. ठेवताना मानेमागची बाही आपोआप सुटली. ऊर्मिला गाडीला वळसा घालून आपल्या जागी येऊन बसली, किल्ली फिरवली. गाडी निघाली आणि टुंग टुंग असा आवाज सुरू झाला. डॅशबोर्डवर लाल दिवा. शेजारच्या माणसानं पट्टा लावलेला नाही.

वजनानं वाजतं ते. किराणा सामानाच्या पिशव्या ठेवल्या तरी वाजतं, हा अनुभव तिला होता.

सिग्नलपर्यंत तिनं तो आवाज सहन केला. तिथं तिनं हात लांब करून, शेजारी न बघता, पट्टा ओढला आणि खटक्यात बसवला. आवाज थांबला. त्यानंतर गाडीत इतकी शांतता झाली की तिनं रेडिओ लावला. हवामानाच्या बातम्या चालल्या होत्या.

दुकानात फ्राऊ ब्रेंडल होत्या. मागची खोली सुकली होती, मशीन गेलं होतं. दोघींनी मिळून योगी चौथऱ्यावर पसरला.

“केवढा जड आहे,” फ्राऊ ब्रेंडल म्हणाल्या. “आधी असा होता का?”

“माहीत नाही,” ऊर्मिला म्हणाली, आणि तिनं त्याच्यावर पांढरी चादर घातली. चादर घालताना, का कोण जाणे, तिनं ती गळ्याच्या खालपर्यंतच घातली.

घरी आली तेव्हा शोभनाताई स्वयंपाकघरात बसलेल्या होत्या. पद्माकर अजून यायचा होता. त्यांनी काही विचारलं नाही. ऊर्मिलानं त्यांचा हात हातात घेतला. तो गारच होता, पण संध्याकाळी पोळ्या लाटताना त्यांनी पदरानं कपाळावरचा घाम पुसला, आणि ते बघून ऊर्मिला बाथरूममध्ये जाऊन रडली.

८

योगीचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. वसंतात तो नेदरलँड्समधल्या एका संग्राहकाला विकला गेला. पॅकिंगच्या दिवशी ऊर्मिलानं सुट्टी घेतली. शोभनाताई नाशिकला गेल्या, त्यांचं वजन परत भरलं, आज त्या ठणठणीत आहेत. झोप मात्र गेली ती गेलीच. रविवारी फोन आला की पद्माकर विचारतो, आणि त्या म्हणतात, “माझं काय घेऊन बसलास.”

पण त्या जायच्या आदल्या आठवड्यात एक गोष्ट झाली. ती ऊर्मिलानं पद्माकरलाही सांगितलेली नाही. फ्राऊ ओटिंगर काय म्हणाल्या, तेही तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

शनिवारचा बाजार होता, गुटेनबर्गप्लात्सच्या चौकात. दोघी भाजी घ्यायला गेल्या होत्या. एका म्हाताऱ्या बाईनं हातानं विणलेले मोजे मांडले होते. शोभनाताई तिथं थांबल्या, बराच वेळ निवडत राहिल्या आणि जाड करड्या लोकरीचा एक जोड उचलला.

“हे तुम्हाला व्हायचे नाहीत, आई. लहान आहेत फार.”

“मला नकोतच. माझ्याकडे आहेत की.”

ऊर्मिलानं त्यांच्याकडे पाहिलं. शोभनाताईंना जर्मन येत नव्हतं, फ्राऊ ओटिंगरना दुसरं काही येत नव्हतं. दोघींची ओळख जिन्यातल्या मान हलवण्यापलीकडे गेलेली नव्हती.

“तुझं दुकान इथून जवळच ना?” शोभनाताई म्हणाल्या. त्यांनी मोज्यांना गुंडाळलेली कागदाची पट्टी काढली, दोन्ही मोजे नीट जुळवून ऊर्मिलाच्या हातात दिले. “तू दे जाऊन. मी आत येत नाही. मला बघितलं की ती उठून येईल, आणि मग माझ्याच्यानं नाही म्हणवणार नाही.”

त्यांना ट्रामच्या थांब्यावर बसवून ऊर्मिला दुकानात गेली. फ्राऊ ब्रेंडल पुढं एका गिऱ्हाइकाला ओबी उलगडून दाखवत होत्या. ऊर्मिलानं मानेनंच नमस्कार केला आणि ती मागच्या खोलीत आली. बाहेर सूर्य होता. खोलीत स्वच्छ, सुकलेल्या भिंतीचा वास होता. योगी होता तसाच होता, पांढऱ्या चादरीखाली. हे सगळं वेडेपणाचं आहे हे तिला कळत होतं. सासूबाईंना ‘दिले’ म्हणून सांगता यावं एवढ्यापुरतं ते करायचं होतं.

ती चौथऱ्याच्या पायथ्याशी गुडघ्यावर बसली. चादर उचलली नाही. मोजे धरलेला हात तिनं खालच्या कडेनं आत सरकवला. कापूस, मग ऊब. मोजे तिथं ठेवायचे आणि हात मागे घ्यायचा.

ठेवावे लागले नाहीत. तिच्या बोटांतून ते घेतले गेले. आधी एक. मग, घाई न करता, दुसरा.

पुढच्या खोलीत गिऱ्हाईक ओबीच्या भरतकामाचं कौतुक करत होतं. ऊर्मिला उठली, तिनं ओव्हरकोटाचे गुडघे झटकले आणि ती बाहेर आली.

थांब्यावर शोभनाताई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ट्राम वळणावर दिसत होती.

“दिलेस?”

“दिले.”

“आवडले का?”

ऊर्मिलानं पिशवी उचलली आणि सासूबाईंना उठायला हात दिला.

“घेतले,” ती म्हणाली.